४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? तपासताना या चुका टाळा

मोठी संख्या हातात आली की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी घसरते. लहान संख्यांनी भाग जात नाही म्हटल्यावर 'मूळ संख्या' असं लिहून मोकळं व्हायचं. ४,२९,४९,६७,२९७ घ्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ७, ११, १३ यांनीही बाकी उरते. फसलात तर वाईट वाटून घेऊ नका, खुद्द गणितज्ञ फर्मालाही ती मूळच वाटली होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे.

मग भाग घालत जायचं कुठवर? निम्म्यापर्यंत नव्हे, वर्गमूळापर्यंत. इथे ते ६५,५३६ च्या किंचित पुढे. पण तिथवरही ६,५४२ मूळ संख्या आहेत, बसा भागत! त्यापेक्षा आधी संख्येची घडण बघा. ही २ चा ३२ वा घात अधिक १ अशी असल्याने हिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. म्हणजे तपासायच्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते. घडण न बघता भागाकार सुरू करणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक.

दुसरा फसवा दिलासा फर्माच्या कसोटीचा. २ चा (संख्या वजा १) इतका घात करून त्याच संख्येने भागला आणि बाकी १ आली, तरी ती मूळ ठरत नाही. आपली संख्या ही कसोटी बिनदिक्कत पास होते. २ ऐवजी ३ घेतला की पितळ उघडं पडतं. ३४१ सुद्धा २ ला असंच फसवते, आणि ती तर ११ × ३१ आहे.

संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकदा मांडता आली, तरी तिथेच थांबू नका. ६५५३६² + १² लगेच दिसतं, पण ६२२६४² + २०४४९² सुद्धा तितकंच येतं. दोन वेगळ्या रीतींनी अशी बेरीज जमली की संख्या मूळ नाही, हे नक्की.

विभाजक मोजताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा असतो, तो १ मिळवायला विसरतात. आपल्या संख्येला विभाजक चार. एकाने लहान असलेल्या शेजारणीचा, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताचा, मूळ अवयव एकटा २, तरी विभाजक ३३.

आणि एक्सेल. तिथे आकड्याचे पंधराच अंक टिकतात. २ चा ६४ वा घात अधिक १ ही वीस अंकी संख्या टाइप केली, तर शेवटचे पाच अंक शून्य होतात आणि विषम संख्येला चक्क १० ने भाग जातो! पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक कितीही लांब असला तरी शाबूत राहतो. फक्त भागाकाराला एक तिरकी रेघ न देता दोन द्या, नाहीतर उत्तर दशांशात जाऊन तिथेही शेवटचे अंक गळतात.