वजनकाट्याआधी विचारायचा प्रश्न

जून महिन्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या गणवेशाच्या दुकानात मुलीचा स्कर्ट कमरेत बसेना, तेव्हा मी दुकानदाराला सहज म्हणाले, "एक माप मोठंच द्या, ही अंगानं सुटत चाललीय." मुलगी तेव्हा १३ वर्षांची होती. त्या रात्री तिने एकच पोळी खाल्ली आणि पुढचे कित्येक दिवस शाळेचा डबा अर्धा परत येत राहिला. वास्तविक वयात येताना मुलींच्या कमरेखाली आणि मांड्यांवर चरबी साठणे हा वाढीचाच भाग आहे, आणि हे ठाऊक असूनही मी चारचौघांत बोलून गेले. मुलांशी वजनाबद्दल बोलण्याची पुढे सांगितलेली पद्धत त्या चुकीनंतर शिकलेली आहे.

मुलाचे वजन किती आहे आणि त्याला स्वतःला ते कसे वाटते, ही दोन वेगळी मोजमापे असून दुसरे आधी घ्यावे, कारण काट्यावरचा आकडा एकदा दिसला की मनातले खरे उत्तर त्याआड दडते. हा प्रश्न जेवताना किंवा आजी-आत्यांच्या देखत विचारू नये. पर्वतीच्या पायऱ्या चढताना किंवा स्कूटरवर मागे बसलेले असताना, म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही अशा वेळी, मुले मोकळी बोलतात. "तुला तुझं वजन कसं वाटतं? फारच कमी, थोडं कमी, बरोबर, थोडं जास्त, की फारच जास्त?" एवढेच विचारावे, या विषयावरच्या सर्वेक्षणांतही साधारण असाच पाच पर्यायांचा प्रश्न असतो. उत्तर चुकीचे वाटले तरी "छे, काहीतरीच काय!" असे म्हणून ते खोडू नये. त्याऐवजी "असं कशावरून वाटतं?" हा दुसरा प्रश्न विचारावा. वर्गात पडलेले "ढोली" किंवा "काडी पहिलवान" हे नाव, मोबाइलवरची रील्स, लग्नात एखाद्या मावशीने मारलेला शेरा, असे काहीतरी त्यातून हळूहळू बाहेर येते. अनेक देशांतील पाहण्यांत असे दिसले आहे, की वजन योग्य असूनही स्वतःला जाड समजण्याचे प्रमाण मुलींमध्ये अधिक असते, तर मुलगे वजन जास्त असूनही ते ओळखत नाहीत किंवा अंग भरत नाही म्हणून खंतावतात.

मग मोजमाप करावे. सकाळी, अनवाणी, हलक्या कपड्यांत वजन घ्यावे. उंचीसाठी टाचा भिंतीला टेकवाव्यात आणि अंबाडा सोडायला सांगावा. दिवसभरात वजन किलोभर इकडेतिकडे होतेच, त्यामुळे रोज काट्यावर उभे करण्यात अर्थ नाही.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १४६ सेंटिमीटर उंचीच्या आणि ३४ किलो वजनाच्या १२ वर्षांच्या मुलाचा बीएमआय सुमारे १६ येतो. मोठ्या माणसांच्या तक्त्यात १८.५ च्या खाली कमी वजन धरतात, म्हणून आई-वडील घाबरतात. त्या वयाला मात्र तो आकडा ठीक आहे. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते वापरावेत, ज्यांत मुलगे आणि मुली यांच्या रेषा वेगळ्या आहेत. तरीही बीएमआय म्हणजे चरबीचे माप नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच उदाहरणे दिली होती: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के, तर दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबीचे धनी आपले पुणेकर डॉक्टर होते.

मुलाने दिलेले उत्तर आणि तक्त्याचे उत्तर जुळले, तर विषय तिथेच सोडावा. वजन जास्त असून मुलाला ते जाणवत नसेल, तर त्याचा समज मोडण्याची घाई करू नये. घरातले शीतपेय आणि रात्रीचे फरसाण सगळ्यांसाठीच बंद करावे, एकट्या त्याच्यासाठी नव्हे. मुलगा प्रथिनांच्या पावडरीचा डबा मागू लागला, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे वजन योग्य असूनही मुलगी स्वतःला जाड समजते, तो. तिथे तक्ता पुढे करून वाद जिंकता येत नाही. आठवडाभर तिच्या ताटाकडे नव्हे, तर वागण्याकडे लक्ष द्यावे. जेवण झाल्याबरोबर बाथरूममध्ये जाणे, "मी मैत्रिणीकडे खाल्लं" ही सबब वारंवार येणे, उभे राहताना चक्कर येणे, आधी नियमित असलेली पाळी लागोपाठ चुकणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबून न राहता डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारींसाठी विनामूल्य सल्ला मिळतो. दवाखान्यात मात्र सगळी हकिकत आपणच सांगत बसू नये. डॉक्टरांना विनंती करून तिला काही वेळ त्यांच्याशी एकटीने बोलू द्यावे आणि आपण बाहेरच्या बाकावर बसावे.