केनियातला चहा बिघडतो कुठे? या चुका टाळा

केनियात चहाची प्रत घसरली की शेतकरी कारखान्याला नावे ठेवतो आणि कारखाना शेतकऱ्याला. माझे मत विचाराल तर बहुतेक वेळा कारखान्याचेच म्हणणे खरे निघते. पाला एकदा पोत्यात तापून लाल पडला, की पुढे कितीही भारी यंत्र असले तरी कपात रंग उतरत नाही.

तिथला निम्म्याहून जास्त चहा सहा लाखांच्या आसपास असलेले छोटे शेतकरी पिकवतात. त्यांचा पाला केटीडीएच्या (केनिया टी डेव्हलपमेंट एजन्सी) व्यवस्थापनाखालील कारखान्यांत जातो. महिन्याला किलोमागे ठरावीक रक्कम हातात पडते. वर्षाकाठी मिळणारा 'बोनस' मात्र बराचसा मोम्बासाच्या लिलावातल्या भावावर ठरतो. पाला सगळ्यांचा एकत्र दळला जातो. त्यामुळे एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो, तसे इथे एकाच्या पोत्यापायी सगळ्या गावाचा बोनस खाली येतो.

जमीन न बघता लागवड

चहाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.5. केरिचो, नांदीकडचा लाल डोंगराळ भाग यात चपखल बसतो. तरीही हिरव्यागार मळ्यात मध्येच एक वर्तुळ पिवळे पडते आणि तिथे रोपे पुन्हा पुन्हा मरतात. खत वाढवून उपयोग होत नाही. तिथे पूर्वी झोपडी किंवा गुरांचा गोठा होता का, हे आधी वडीलधाऱ्यांना विचारा. वर्षानुवर्षे पडलेल्या चुलीच्या राखेने त्या तुकड्याचा सामू चढलेला असतो. अशा जागी माती तपासून गंधक किंवा ॲल्युमिनियम सल्फेट देतात. राख 'चांगले खत' म्हणून चहाच्या बुडाशी टाकणारेही भेटतात. ते आधी थांबवा.

दुसरी भानगड जुन्या झाडांच्या खुंटांची. जंगली झाड तोडून लगेच चहा लावला, की मातीत उरलेल्या मुळांवर आर्मिलारिया बुरशी पोसते आणि तिथून चहाच्या मुळांत शिरते. झुडूप अचानक पिवळे पडले, बुडाशी उभ्या भेगा दिसल्या, तर साल सोलून पाहा. आत पांढरा पापुद्रा आणि अळंबीसारखा वास आला तर निदान पक्के. ते झुडूप मुळासकट काढून जाळायचे, आजूबाजूची मुळेही वेचून काढायची. खरा उपाय तोडणीच्या आधीचा आहे: झाडाची साल गोलाकार सोलून ते उभ्यानेच वाळू द्यायचे, म्हणजे मुळांतला पिष्टमय साठा संपतो आणि बुरशीला खायला काही उरत नाही.

खुडणी आणि पोते

सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. नियम सोपा आहे: दोन पाने आणि एक कळी. पण वजनावर पैसे मिळतात म्हणून तिसरे, चौथे जरड पानही टोपलीत जाते. त्यातून चहात काड्या आणि तंतू वाढतात. खुडणीची फेरी हवामान पाहून 7 ते 14 दिवसांची असावी. मजूर मिळत नाहीत म्हणून ती तीन आठवड्यांवर गेली, की कोंब निबर होतात आणि मग जरड पान टाळायचे म्हटले तरी टळत नाही.

खुडल्यावरही पान जिवंत असते, श्वास घेते, उष्णता सोडते. वेताच्या टोपलीत हवा खेळते. प्लॅस्टिकच्या गोणीत पाला दाबून भरला, वर कुणी बसले, की तासा-दोन तासांत मधला पाला गरम लागतो. संग्रह केंद्रावर पोते आले की हात थेट मध्यभागी घाला. ऊब जाणवली किंवा पानांच्या कडा तांबूस दिसल्या, तर पाला ताबडतोब सावलीत पसरा. लाल पडलेले पान मात्र वेगळेच काढावे लागते.

छाटणी आणि खत

छाटणी तीन-चार वर्षांनी, दर वेळी मागच्या कापापेक्षा सुमारे 5 सेंटिमीटर वर. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात छाटलेल्या फांद्या भाजतात. जून ते ऑगस्टचा थंड काळ बरा. छाटलेला पाला-फाटा सरपण म्हणून घरी नेण्याचा मोह आवरा. तो झुडपांवर आणि ओळीतच राहिला तर सावली देतो, कुजून पालाशही मातीत परत येते. 26:5:5 (नत्र:स्फुरद:पालाश) खत कोरड्या मातीत फेकू नका, ओल पाहून द्या.

कारखान्यात

इथली सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल: पान चिरडून, फाडून, वळवून केलेली) चहापूड म्हणजे आपल्याकडे दुधात उकळते तीच दाणेदार जात. पाला 12 ते 18 तास कोमेजवून मग रोलरमध्ये जातो. त्यानंतर चिरडलेला पाला हवेत ठेवून तांबूस होऊ देतात, ते आंबवणे. चहा हिरवट, तुरट लागला तर ते कमी पडले. रंग गडद पण चव मेलेली असेल तर वेळ जास्त झाला किंवा खोली तापली. वाळल्यावर ओलावा 3 टक्क्यांच्या आसपास हवा, नाहीतर साठ्यात बुरशी धरते.

जांभळ्या चहाची घाई

2011 मध्ये केनियाच्या चहा संशोधन संस्थेचे टीआरएफके 306 हे जांभळ्या पानांचे वाण आले आणि चढ्या भावाच्या आशेने अनेकांनी ते लावले. पण जवळच्या कारखान्यात त्याची वेगळी प्रक्रिया होत नसेल, तर तो पाला हिरव्यातच मिसळतो आणि भाव हिरव्याचाच मिळतो. रोपे विकत घेण्याआधी कारखान्यात जाऊन दोनच गोष्टी विचारा: जांभळा पाला वेगळा मोजता का, आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी?