कुतूहलावर चालणारा मुलांचा गट काढताय? या चुका टाळा

मुलं दोनच, पण गटाचं नाव, लोगो आणि टी-शर्ट तयार! मुलांच्याच प्रश्नांवरून शिकत जाणारे असे गट कोल्हापुरात निघताना मी बघतो. जूनमध्ये उत्साहानं सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत त्यांची शिकवणी झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलानं प्रश्न विचारला की मोठ्यांनी त्यावर झडप घालणं. ऐन पावसाळ्यात एका गटात बातमी पोचली, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी गाठली. एका पोरीनं विचारलं, "39 फूट कुठनं मोजायचं? तळापासनं?" ताईंनी लगेच लॅपटॉप उघडला. जलचक्र, सह्याद्री, मान्सून, तासभर. तिचं उत्तर त्यात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, सहज विचारलं होतं."

मी प्रश्न मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहितो, "तुला काय वाटतं?" एवढं विचारतो आणि गप्प बसतो. नव्या मंडळींना नेमकं हे गप्प बसणंच सोसत नाही. हाच प्रश्न दुसऱ्या पोरांपुढं ठेवला, तर आधी भांडणच लागलं: नदीचा तळ सगळीकडं सारखा असतो का? पूर ओसरल्यावर बंधाऱ्यावर जाऊन आलो. (भरल्या पाण्यावर पोरं नेऊ नका. हेही सांगावं लागतं!) मग 2019 च्या पुराच्या भिंतींवरच्या खुणा पोरांनी दोरीनं मोजल्या. इशारा 39 ला आणि धोका 43 ला, मधले चार फूट चढायला पाण्याला किती वेळ लागतो, हे काढायला पेपरातले जुने आकडे वहीत उतरले. आलेख कुणी शिकवला नाही, तो त्यांना लागला म्हणून आला.

दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन तिसऱ्या दिवशी फी ठरवणारे मला झेपत नाहीत. लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये याच गावात सृजन आनंद विद्यालय ही प्रयोगशील शाळा काढली, तेही शिक्षक घडवण्यात वर्षं घालवून. तुम्हाला घाई कसली?

पालक रोज विचारणार, "आज काय शिकवलं?" घाबरून वर्कशीट वाटू नका, मुलाची वही दाखवा. त्यावरही समाधान झालं नाही, तर तो पालक तुमच्या गटाचा नव्हे.

महागडी किट नकोत. वयाप्रमाणे वेगळे वर्ग नकोत. सुरुवातीला आठ-दहा मुलं पुष्कळ.

शाळा सुटल्यावर जमत असाल तर ठीक. पण मुलं शाळेतून काढून दिवसभर बसवणार असाल, तर 2009 चा शिक्षण हक्क कायदा आधी वाचा. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे.

आणि जागेसाठी अडून राहू नका. टाऊन हॉलची बाग आहे, पाऊस आला तर कुणाच्या तरी सोप्यात बसा.