ऑनलाइन एफआयआरमधून नमुना घेताना
बडोद्यात रावपुरा, सयाजीगंज ठाण्यांच्या ऑनलाइन एफआयआरवर प्रबंध लिहिताय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायच्या असतात, पण लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून. म्हणजे मुळात यादीच अपुरी! तिच्यातून कितीही काटेकोर यादृच्छिक नमुना काढा, स्त्रियांवरील अत्याचारांबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नयेत. हे संशोधनपद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहा, तळटीपेत दडवू नका. दर दहावी एफआयआर घ्यायची असेल तर सुरुवात कोणत्या एफआयआरपासून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवा. संदर्भात ठाणं, क्रमांक, वर्ष, कलमं आणि उतरवून घेतल्याची तारीख हवीच (क्रमांक दरवर्षी नव्यानं सुरू होतात). फिर्यादीचं नाव मात्र नको. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय दंड संहितेच्या जुन्या ३०२ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं १०३ कलम लागतं, तेही जुळवून घ्या.