आधी दाणे सुकवा

लिग्निन, क्वेर्सेटिन यांसारखी वनस्पतींमधली द्रव्यं किंवा रोझमेरीचा अर्क मिसळला की पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, कंपोस्टमध्ये विघटित होऊ शकणारं प्लास्टिक) जास्त टिकतं, एवढ्या शिदोरीवर मी या कामाला लागले. पहिल्याच घाण्याला मिक्सरचा टॉर्क, म्हणजे वितळलेला माल फिरवायला लागणारा जोर, मिनिटागणिक उतरत गेला, आणि त्या मालाची फिल्म दुमडताच कटकन मोडली. दोष अर्कावर ढकलून मी मोकळी झाले. दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या एकीने विचारलं, "नुसतं पीएलए असंच फिरवून पाहिलंस का?" नव्हतं पाहिलं. पाहिलं तर त्याचाही टॉर्क तसाच कोसळला. दाणे ओले होते.

पीएलए हे पॉलिएस्टर. वितळताना पाण्याचा अंश राहिला की रेणूंच्या साखळ्या जोडणारे एस्टर बंध तुटतात, साखळ्या आखूड होतात. हेच जलविघटन. म्हणून ओलावा 250 पीपीएमच्या खाली आणायचा. वनस्पतींमधली फिनॉलं फ्री रॅडिकलना (साखळ्या तोडत सुटणाऱ्या अस्थिर कणांना) हायड्रोजन देऊन थंड करतात, पण पाण्यापुढे त्यांची मात्रा चालत नाही. उलट लिग्निनची पूड हवेतला ओलावा ओढते, आणि आम्लधर्मी अर्क जलविघटनाला हातभार लावू शकतात. म्हणजे पूडही सुकवायची. (अस्फटिकी, म्हणजे साखळ्या शिस्तीत न रचलेले, दाणे मात्र 80 अंशांवर ठेवू नका. मी ठेवले होते. ट्रेमधून एकच ढेकूळ निघालं.)

दुसरा चकवा ग्लास ट्रान्झिशनचा, म्हणजे ज्या तापमानाखाली प्लास्टिक काचेसारखं कडक होतं त्याचा. पीएलएचं ते तापमान 60 अंशांच्या आसपास. त्याखाली साखळ्या हळूहळू आवळत जातात आणि एकही बंध न तुटता फिल्म काही दिवसांत ठिसूळ होते. हे भौतिक वार्धक्य. कुठलाही अँटिऑक्सिडंट ते थांबवत नाही. एक नमुना दुसऱ्या दिवशी आणि दुसरा आठव्या दिवशी ताणलात, तर तुलना फसलीच. मी आता पिशवीवर तारखेसोबत वेळही लिहिते.

पॉलिइथिलीनवरच्या शोधनिबंधांतून कार्बोनिल इंडेक्स (इन्फ्रारेड वर्णपटातल्या कार्बोनिलच्या शिखरावरून ऱ्हास मोजणारा आकडा) जसाच्या तसा उचलू नका. पीएलएमध्ये 1750 सेमी⁻¹ च्या आसपास मुळातच कार्बोनिलचं मोठं शिखर असतं, नवी भर त्यात बुडून जाते. रेणुभार आणि तुटेपर्यंत फिल्म किती लांबते, हे दोन आकडे जास्त खरं बोलतात.

आणि कंपोस्ट. औद्योगिक कंपोस्टिंगसाठीचं ईएन 13432 मानक 6 महिन्यांत 90 टक्के जैवविघटन मागतं. माझ्या सगळ्यात टिकाऊ फिल्मचे तुकडे सध्या 58 अंशांवरच्या कंपोस्टात पुरलेत. शेजारी साध्या पीएलएचेही आहेत, तेही नीट सुकवलेले.