अणुयुद्धातही आदेश पोहोचवणाऱ्या विमानाचे प्रतिरूप कसे तयार करावे

मराठवाड्यातील शाळांच्या तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनांत विमानांची प्रतिरूपे हमखास मांडली जातात. मात्र त्यांतून विमानाचा आकार दिसतो, त्याचे काम दिसत नाही. अमेरिकी हवाई दलाचे ‘ई-4बी’ हे विमान निवडल्यास ही उणीव भरून काढता येते. जमिनीवरील नियंत्रण केंद्रे उद्ध्वस्त झाली तरी राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्र्यांचे आदेश सैन्यापर्यंत पोहोचावेत, मुख्यतः याच हेतूने बोईंग 747-200 वर आधारलेली अशी चार विमाने बांधण्यात आली असून त्यांचा तळ नेब्रास्कातील ऑफट येथे आहे.

प्रमाण 1:200 धरावे. विमानाची लांबी सुमारे 70.5 मीटर आणि पंखांचा विस्तार 59.7 मीटर असल्याने प्रतिरूप 35 सेंटिमीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद होते. धडासाठी 32 मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप प्रमाणात अगदी बरोबर बसतो, आणि त्याचा तुकडा कोणत्याही शेतात सापडतो. पंख व शेपूट जाड पुठ्ठ्याची करावी. पाठीवरचा उंचवटा मात्र विसरू नये, कारण त्याच्या आत उपग्रहाशी संपर्क साधणारा अँटेना असतो. प्रवासी विमानासारख्या खिडक्यांच्या रांगा रंगवू नयेत.

खरी मेहनत यानंतर आहे. या विमानातून सुमारे 8 किलोमीटर लांबीची तार मागे सोडता येते; आपल्या प्रमाणात ती 40 मीटर भरते. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून तेवढी बारीक तांब्याची तार आणावी, शेपटीखाली बांधावी आणि व्हरांड्यातून थेट मैदानापर्यंत ताणून खुंटीला अडकवावी. ती विजेच्या तारांपासून दूर राहील याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी. हातभर विमानामागे मैदानापर्यंत गेलेली तार पाहिली की एवढी लांबी कशासाठी, हा प्रश्न पाहणारा आपणहून विचारतो. त्याला सांगावे की अतिनीच वारंवारतेच्या रेडिओ लहरींची लांबी 10 ते 100 किलोमीटर असते, म्हणून त्या सोडायला अँटेनाही लांबच लागतो. आणि याच लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरत असल्यामुळे पाण्याखालील पाणबुडीला आदेश मिळू शकतो. अमेरिकी नौदलाचे ‘ई-6बी’ विमान अशी तार शक्य तितकी उभी लटकावी म्हणून लहान वर्तुळात घिरट्या घालते.

दुसरा भाग संरक्षणाचा. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे 400 किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, तेव्हा जवळजवळ 1,400 किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यावरचे दिवे बंद पडले. अणुस्फोटातून निघणाऱ्या आणि विजेची यंत्रे बिघडवणाऱ्या अशा झटक्यापासून, म्हणजे विद्युतचुंबकीय स्पंदापासून, विमानातील यंत्रणा वाचवण्यासाठी धातूचे आवरण अखंड ठेवावे लागते. हे दाखवण्यासाठी ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींवरचे, शक्यतो परभणी आकाशवाणीसारखे जवळचे केंद्र लावावे, आवाज पूर्ण वाढवावा आणि तो जर्मनच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावावे. निवेदन विरून नुसती खरखर उरते. झाकण उघडताच शब्द परत येतात. खिडकी, दार किंवा आत जाणारी प्रत्येक केबल ही अशीच फट असते, म्हणून तेथे विशेष बंदोबस्त करावा लागतो. हा प्रयोग स्पंदाचा नसून आवरणाचा आहे, हे विद्यार्थ्यांनी स्पष्ट सांगावे. फलकावर स्फोटाच्या ढगाचे मोठे चित्र लावू नये. सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाते आणि तार दुर्लक्षित राहते.

असे विमान सतत हवेतच असते का, असे परीक्षक बहुधा विचारतील. एकेकाळी तसे होते: ‘लुकिंग ग्लास’ या मोहिमेत 3 फेब्रुवारी 1961 पासून 24 जुलै 1990 पर्यंत एक तरी विमान अखंडपणे आकाशात ठेवले जात असे. आता ई-4बी विमानांपैकी किमान एक चोवीस तास जमिनीवर सज्ज असते, आणि हवेत इंधन भरण्याची सोय असल्यामुळे एकदा उडाल्यावर ते बराच काळ वर राहू शकते.