पॅटर्न मॅचिंग स्लो चालतंय? आधी अँगल रेंज बघा

बऱ्याच जणांचं पॅटर्न मॅचिंग (कॅमेऱ्याच्या इमेजमध्ये ठरलेला पार्ट शोधणं) स्लो असतं कारण अँगल रेंज, म्हणजे पार्ट किती फिरलेला असला तरी शोधायचा ती मर्यादा, पूर्ण ३६० डिग्री सोडलेली असते, आणि पार्ट तर फिक्श्चरमध्ये बसून येतो, जेमतेम ५ डिग्री हलतो! मग प्लस मायनस १० पुरे. स्केल सर्च (पार्ट लहानमोठा दिसला तरी शोधणं) पण कॅमेऱ्याची उंची फिक्स असेल तर सरळ बंद, आणि सर्च एरिया पार्ट जिथं येऊ शकतो तेवढाच ठेवा.

एवढं करूनही टाइम जास्त लागला तरच पिरॅमिड लेव्हल (इमेज टप्प्याटप्प्यानं लहान करून आधी सगळ्यात लहान इमेजमध्ये शोधतात, ते टप्पे) वाढवा, पण टॉप लेव्हलची, म्हणजे सगळ्यात लहान इमेज डोळ्यांनी बघा, तिथं शेप ओळखू येत नसेल तर मॅच कधी मिळेल कधी नाही.

हॅल्कॉन हे मशीन व्हिजन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनो, ग्रीडिनेस (कमकुवत वाटणाऱ्या जागा किती घाईनं सोडायच्या ते सेटिंग) ०.९ वर मॅच मधूनच गायब होत असेल तर ०.७ करून बघा, थोडं स्लो होईल पण चालतं. मिन स्कोअर (मॅच धरायला लागणारा किमान स्कोअर) अंदाजे ठरवू नका, चांगल्या वाईट दोन्ही पार्टच्या इमेज चालवा, तेलकट, चमकणारे पण घ्या, आणि दोन्हींच्या स्कोअरच्या मधे कुठंतरी ठेवा. दोन्हींचे स्कोअर एकमेकांत मिसळत असतील तर सेटिंगशी खेळत बसू नका, लायटिंग नाहीतर मॉडेल बदला.